काउन्सिल टॅक्सचा रिफंड मिळवून देतो म्हणणारा माणूस आणि माझ्या आत्याचे गेलेले महिने

इंग्लंडमध्ये ज्यांचे आईवडील, काका-आत्या वगैरे वयस्कर मंडळी राहतात आणि विशेषतः भाड्याच्या घरात राहतात, त्यांनी हे प्लीज शेवटपर्यंत वाचा. मोठं आहे पण घाईत लिहून भागणार नाही.

माझी आत्या लेस्टरला हाउसिंग असोसिएशनच्या (कमी भाड्यात घरं देणाऱ्या संस्थेच्या) फ्लॅटमध्ये एकटी राहते, वय ७८. आतोबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी मिलमध्ये आणि नंतर पोस्टात आयुष्यभर नोकरी केली, तिने घरी शिवणकाम केलं, त्यामुळे तिची स्वतःची स्टेट पेन्शन अर्धवटच आहे, सगळं धरून आठवड्याला १६८ पाउंडच्या आसपास येतात. त्यातून भाडं, गॅस, काउन्सिल टॅक्स (म्हणजे इथल्या नगरपालिकेची, काउन्सिलची, घरपट्टी). कधी कुणाकडे मागितलं नाही, "सरकारपुढे हात पसरायचा नाही" हे आतोबांचं वाक्य होतं आणि ती ते अजून पाळत होती.

तर एप्रिल २०२५ मध्ये कम्युनिटी हॉलमधल्या ज्येष्ठांच्या कार्यक्रमात तिला एक माणूस भेटला. सूट, गळ्यात ओळखपत्र, हिंदी छान, थोडं मराठीही, वाकून नमस्कार करणारा. स्वतःला बेनिफिट कन्सल्टंट म्हणवत होता आणि कार्डावरचं चिन्ह असं होतं की काउन्सिलचंच वाटावं. त्याने सांगितलं की तुमच्या घराचा काउन्सिल टॅक्सचा बँड (कर ठरवणारा घराच्या किमतीचा गट) चुकीचा आहे, १९९३ पासूनचे जास्तीचे पैसे परत मिळतील, शिवाय पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना सरकार देतं ती भर) आणि हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची मदत) यांचे फॉर्मही मीच भरून देतो, फी एकदाच ३९५ पाउंड. तिने चेक दिला. तिला वाटलं वकिलासारखी फी असेल.

आता यातलं खोटं काय होतं ते सांगते, कारण ऐकताना प्रत्येक वाक्य अर्धं खरं वाटतं, तिथेच माणूस अडकतो.

काउन्सिल टॅक्स १९९३ ला सुरू झाला हे खरं. इंग्लंडमध्ये ए ते एच असे आठ बँड आहेत आणि ते घराची १ एप्रिल १९९१ ला काय किंमत झाली असती त्यावर ठरतात हेही खरं. काही घरांचे बँड चुकलेले आहेत हेही खरं. पण आत्या त्या फ्लॅटमध्ये २०१६ ला राहायला आली, तिने न भरलेल्या वर्षांचे पैसे तिला कोण देणार? आणि बँड तपासून घ्यायला व्हॅल्युएशन ऑफिसकडे अर्ज करायचा असतो, त्याला एक पेनी लागत नाही. उलट तपासणीत बँड वर जाऊ शकतो, कधीकधी शेजाऱ्यांचाही वर जातो, हे त्याने तिला सांगितलंच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिच्यासारख्या बाईला बँडचा प्रश्नच नव्हता. २०२५-२६ मध्ये एकट्या माणसाचं उत्पन्न आठवड्याला २२७.१० पाउंडपेक्षा कमी असेल तर पेन्शन क्रेडिटचा गॅरंटी भाग तेवढ्यापर्यंत भर घालून देतो. तो एकदा मिळायला लागला की पेन्शनच्या वयाच्या माणसाला काउन्सिल टॅक्स बहुतेक वेळा पूर्ण माफ होतो आणि हाउसिंग बेनिफिटमधून भाडंही बहुतेक सगळं निघतं. शिवाय पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्या ७५ च्या वरच्यांना टीव्ही लायसन्स फुकट. म्हणजे बिल शून्य होणार असेल तर बँड ए असो नाहीतर डी, काय फरक पडतो! तिचं आयुष्य बदलू शकणारी गोष्ट तिच्यासमोर होती आणि हा माणूस तिला भलत्याच दिशेने घेऊन चालला होता.

एकटं राहणाऱ्याला २५ टक्के सूट असते तीसुद्धा तिने घेतलेली नव्हती, कारण आतोबा गेल्यावर काउन्सिलला ते वेगळं कळवायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं.

पुढचं ऐका. फॉर्म "भरताना" त्याने तिला विचारलं की इंडियात काही आहे का. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की भावाबरोबर जॉइंट एफडी आहे, साडेतीन हजार पाउंडांइतकी होईल. हा म्हणाला, ते लिहायचं नाही, लिहिलं तर केस संपली. तिने ऐकलं. मला या एका गोष्टीचा जितका राग आहे तितका पैशांचा नाही, कारण नंतर हेच त्याने तिच्यावर वापरलं. आणि वस्तुस्थिती काय, तर परदेशातल्या ठेवी आणि मालमत्ता सांगायच्याच असतात, लपवणं गुन्हा आहे, पण पेन्शन क्रेडिटमध्ये १०,००० पाउंडपर्यंतची बचत धरतच नाहीत, त्याच्या वर गेली तर दर ५०० पाउंडांमागे आठवड्याला १ पाउंड उत्पन्न समजतात. तिची इथली आणि तिथली मिळून सगळी बचत दहा हजारांच्या आतच होती. लपवण्यासारखं काही नव्हतंच. पुण्यात किंवा नागपुरात फ्लॅट नावावर असेल तर मात्र तो मोजतात, तेव्हा ज्यांच्याकडे तसं आहे त्यांनी आधीच नीट विचारून घ्या.

मग उन्हाळा गेला. ती फोन करायची, तो सांगायचा केस प्रोसेसमध्ये आहे, तुम्ही स्वतः काउन्सिलला फोन करू नका, दोन अर्ज झाले तर दोन्ही रद्द होतात. धडधडीत खोटं. कुणीही कधीही स्वतःच्या अर्जाची चौकशी करू शकतं. पण म्हाताऱ्या माणसाला हे पटतं, कारण तिला काउन्सिलची आधीच भीती, पत्रं आली की ती न उघडता ड्रॉवरमध्ये ठेवायची.

नोव्हेंबरच्या शेवटी फोन आला की रिफंड मंजूर झाला, ४,१०० पाउंड येणार, पण खातं व्हेरिफाय करायला आधी १,८५० पाउंड एका खात्यावर पाठवा, ते रिफंडबरोबर परत येतील. ती कचरली तेव्हा तो म्हणाला, तुमच्या एफडीची माहिती फाइलमध्ये नाहीये, आता केस थांबवली तर काउन्सिल चौकशी लावेल. ती घाबरली आणि फोनवर तो सांगेल तसं बटण दाबत तिने पैसे पाठवले. बँकेच्या ॲपने मध्ये वॉर्निंगही दाखवली, तर तो म्हणाला की ती सगळ्यांनाच येते.

मला हे कळलं डिसेंबरच्या सुरुवातीला, ती हीटिंग बंद ठेवून ब्लँकेटमध्ये बसलेली दिसली म्हणून खोदून विचारलं तेव्हा. आधी काहीच बोलेना. मग रडत रडत म्हणाली, "मला जेलमध्ये टाकतील का गं?"

लगेच १५९ लावला, तो नंबर बहुतेक मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाला थेट जोडतो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की फसवून स्वतःच्या हाताने बँक ट्रान्सफर करायला लावलं असेल तर बँकेने पैसे परत द्यायचे, ८५,००० पाउंडपर्यंत, आणि शेवटचं पेमेंट झाल्यापासून १३ महिन्यांच्या आत तक्रार करायची. बँक १०० पाउंडपर्यंत कापू शकते, पण वय आणि परिस्थिती बघून तिचे कापले नाहीत, १,८५० पूर्ण आले. तिथल्या मुलीने फार शांतपणे, हळू बोलून सगळं समजून घेतलं, तिचं मनापासून कौतुक. पण हा नियम चेकला, कॅशला, कार्डला लागू नाही. ३९५ चा चेक गेला तो गेला. पोलिसांकडे नोंद केली, सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनलाही सांगितलं, ते ट्रेडिंग स्टँडर्ड्सला, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीची चौकशी करणाऱ्या खात्याला, कळवतात. त्याचा नंबर आता बंद आहे.

आणि अर्ज? एकही केलेला नव्हता. पेन्शन क्रेडिटच्या सरकारी हेल्पलाइनवर विचारलं तर तिच्या नावाने काहीच नाही. त्याच फोनवर पेन्शन क्रेडिटचा अर्ज झाला, मी शेजारी बसून बोलले, दुभाषा हवा असेल तर तोही देतात, फी काही नाही. एज यूके या ज्येष्ठांसाठीच्या संस्थेच्या लोकांनी हाउसिंग बेनिफिट आणि काउन्सिल टॅक्स रिडक्शनच्या फॉर्मला मदत केली, तीही फुकट, आणि त्यांनीच अटेंडन्स अलाउन्सचा (आजारपणामुळे मदत लागणाऱ्या ज्येष्ठांच्या भत्त्याचा) विषय काढला, जो उत्पन्नावर अवलंबून नसतो, गुडघे आणि नजर यामुळे रोजच्या कामात मदत लागत असेल तर बघण्यासारखा आहे. एकटीच्या २५ टक्के सवलतीसाठी काउन्सिलला आतोबांचा मृत्यूचा दाखला दाखवला, त्यांनी ती आतोबा गेल्या तारखेपासून लावली.

एफडी लिहिली. कुणी काही बोललं नाही.

पण पेन्शन क्रेडिट मागच्या तारखेने फक्त तीन महिन्यांचंच मिळतं, पेन्शनच्या वयाच्या माणसाचं हाउसिंग बेनिफिटही तसंच. एप्रिलमध्ये अर्ज झाला असता तर मागचे तीन महिने धरून जानेवारीपासून मिळालं असतं, डिसेंबरमध्ये झाला म्हणून सप्टेंबरपासून मिळालं. मधले महिने बुडाले. एप्रिल ते सप्टेंबरचेच धरले तरी नुसत्या पेन्शन क्रेडिटचे बाराशे पाउंडच्या वर होतात, भाडं आणि काउन्सिल टॅक्स धरला तर आकडा मोठा होतो, आणि हे पैसे कुठलीच बँक परत देत नाही, कारण ते कुणी "चोरले" असं कागदावर कुठेच दिसत नाही. फी घेणाऱ्याने फी घेतली म्हणून लोक चिडतात, पण त्याने वाया घालवलेला वेळ कितीतरी महाग पडला. त्या काळात ती रोज दुपारी एकच पोळी खात होती हे मला नंतर शेजारणीकडून कळलं.

त्या हॉलमधल्या अजून दोन बायकांकडे त्याच माणसाने दिलेली, आत्याकडे आहे तशीच निळी फाइल आहे. त्यातली एक बोलायला तयार नाही, तिच्या मुलाला कळेल म्हणून. तिच्या मुलापर्यंत किंवा अशा कुठल्याही मुलापर्यंत, सुनेपर्यंत हे पोचत असेल तर आईला ओरडू नका हो. तिला विचारा की गेल्या वर्षात कुणाला काही सही करून दिलीय का, फाइल, चेक, कोड, काहीही. रिफंडचे किंवा विंटर फ्युएलचे (हिवाळ्यात हीटिंगसाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे) संशयास्पद मेसेज असतील तर लिंक न उघडता ७७२६ वर, म्हणजे अशा मेसेजची तक्रार करायच्या नंबरवर, फॉरवर्ड करा. आणि कुणी "तुमचा अर्ज घातलाय" म्हणत असेल तर त्याचं न ऐकता थेट हेल्पलाइनला विचारा, अर्ज नसेल तर त्याच फोनवर करून टाका, त्या माणसाकडून फी वसूल करायची ती नंतर बघता येईल, तीन महिने मागे मोजायचे ते अर्जाच्या दिवसापासून मोजतात.