दोन नोकऱ्यांच्या मधली पाहुणकी: दारात स्वतःची गाडी, की स्टँडवरची एसटी?

जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस डिसेंबरअखेर झाला आणि नव्या ठिकाणी रुजू व्हायला पाच आठवडे होते. एवढी सलग मोकळीक कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच मिळाली. घरी बसलो असतो तर माळे आवरण्यात गेली असती (बायकोनं यादी करून फ्रिजवर लावलीच होती). म्हणून ज्यांना दहा-दहा वर्षं 'एकदा निवांत येतो' असं सांगत होतो, त्यांच्याकडे खरोखरच जायचं ठरवलं. बायकोला ऑफिस, मुलीला शाळा, त्यामुळे मी एकटाच.

पहिली फेरी स्वतःच्या गाडीनं केली: सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी. मग नागपूरला बहिणीकडे रेल्वेनं गेलो. दुसरी फेरी एसटीनं: संगमनेर, संभाजीनगर, अंबाजोगाईजवळचं एका मित्राचं गाव आणि सोलापूर. ठरवून केलेला प्रयोग वगैरे नव्हता. कोल्हापूरच्या फेरीनंतर गाडीत बसायचीच इच्छा उरली नाही, म्हणून तसं झालं. ती का उरली नाही ते पुढे सांगतोच.

रेल्वेचं आधी उरकतो, कारण लांबच्या पल्ल्याला तिच्याशी बरोबरी करण्यात अर्थ नाही. पुण्याहून नागपूर रात्रीत झोपून जाता येत असेल तर उगाच गाडी कशाला हाकायची? पण या मोकळ्या आठवड्यांत रेल्वेची एक गंमत होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. आयटीतला नोटीस पिरियडही साठ-नव्वद दिवसांचाच, म्हणजे तिकीट काढायला वेळ हवा तेवढा. फक्त त्या दिवसांत नव्या कंपनीची रुजू होण्याची तारीख पक्की नसते, म्हणून आपण थांबतो, आणि ती पक्की होईपर्यंत वेटिंग शंभरावर गेलेलं असतं. मग तात्काळ. माझं परतीचं तिकीट तात्काळमधलं होतं. भाचीचं गॅदरिंग नेमकं दुसऱ्या दिवशी निघालं. तात्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर एक पैसा परत मिळत नाही, त्यामुळे मी निघालो आणि भाची आजतागायत माझ्याशी नीट बोलत नाही.

दुसरं, आपल्याकडचे नातेवाईक रेल्वेचा नकाशा बघून राहायला गेलेले नाहीत. बोरघाट सोडला तर थेट गोव्याच्या वेशीवरच्या ब्रागांझा घाटापर्यंत सह्याद्री ओलांडणारी रेल्वे नाही. कोल्हापूरची आत्या आणि रत्नागिरीचा मामा यांच्यात रस्त्यानं चार तासांचं अंतर, पण रुळांवरून जायचं तर अर्धा महाराष्ट्र फिरून यावं लागेल. पुण्याहून नाशिकला थेट लोहमार्ग नाही, कल्याणवरून जा. बीडला रेल्वे पोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. तेव्हा खरी निवड उरते ती गाडी आणि एसटी यांच्यात. खासगी ट्रॅव्हल्सचं नाव मी घेत नाही. पहाटे साडेतीनला बायपासवर उतरवणार आणि म्हाताऱ्या काकांना फटफटी काढायला लावणार, ते मला पटत नाही.

स्वतःच्या गाडीचे फायदे तुम्हाला माहीतच आहेत. वाटेत वाटेल तिथे थांबता येतं, लॅपटॉप डिकीत टाकता येतो (रुजू होण्यापूर्वीच्या कागदपत्रांचे मेल कधीही येतात), आणि पावसाळी चपलांपासून जाड जर्किनपर्यंत सगळं सोबत नेता येतं. फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर पुणे–कोल्हापूर रस्त्यावरचे टोल फारसे खुपत नाहीत. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो; मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेला आणि समृद्धीला चालत नाही. आणखी एक: कंपनीचा आरोग्यविमा बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतो. घाटात गाडी घालण्याआधी स्वतःची वेगळी पॉलिसी आहे ना, एवढं बघून घ्या. मला हे खंबाटकीच्या घाटात आठवलं.

सातारा छान झालं. मित्राच्या गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून पोवई नाक्याजवळ लावली आणि दोन दिवस ती तिथेच राहिली. साताऱ्यात सगळं सुरळीत का झालं, ते मला नंतर कळलं: गाडी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

कोल्हापुरात ती आत्याच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या शेजारी उभी राहिली. मी दोन रात्रींसाठी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी निघायची भाषा काढली तर आत्या म्हणाली, "आता कुठं कामाला जायाचं हाय तुला? अन् गाडी तर दारातच हाय. ऱ्हा की दोन दिस." यावर काय बोलणार? मोकळा माणूस आणि मोकळी गाडी एकत्र दिसली की घरातली सगळी तुंबलेली कामं जागी होतात. पहिल्या दिवशी काकांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्याचं मला काहीच वाटलं नाही, उलट बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी 'एवढी गाडी आहे तर' म्हणून नरसोबाची वाडी निघाली, आणि गाडीत दोन जागा रिकाम्या जातायत म्हणून शेजारच्या काकू आणि त्यांच्या जाऊबाई. तिसऱ्या दिवशी जोतिबा. चौथ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना आतेभाऊ खुंटीवरची किल्ली काढून गाडी घेऊन गेला, 'हितंच चौकात जाऊन येतो', आणि दुपारी जेवायला आला. पाच दिवसांत आत्याबरोबर मी निवांत बसलो तो एक दुपार. बाकी सगळा वेळ ती मागच्या सीटवर आणि मी पुढे, बोलणं आरशातून.

निघालो तेव्हा डिकीत अर्धं पोतं तांदूळ, गुळाच्या चार ढेपी आणि मामासाठी पाच लिटरच्या कॅनमध्ये काकवी. आत्या आणि मामा यांचं वीस वर्षांत बोलणं नाही म्हणा, पण गाडी जातेच आहे तर काकवी जायला हरकत नसते. मलकापूर सोडून आंबा घाट उतरताना कॅनचं झाकण निघालं. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा मागच्या बंपरवरून एक जाड, तांबूस, संथ धार खाली येत होती आणि टपरीवालं कुत्रं ती चाटत होतं. डिकीतलं कार्पेट तीनदा धुतलं. मुंग्या अजून आहेत.

मामाकडेही तेच, फक्त हेल वेगळा. "कधीही निघ हो, तुझीच गाडी आहे," असं म्हणत त्यानं मला आणखी दोन दिवस ठेवून घेतलं. राग कुणावरच नाही. माणसं प्रेमानंच करतात. पण स्वतःची गाडी असली की निघायला सबब उरत नाही, हे मला खरंच आधी कधी जाणवलं नव्हतं. नोकरी असताना 'उद्या ऑफिस आहे' हे हुकमी पान हातात असतं. तेही आता नव्हतं.

एसटीनं हा प्रश्न सोडवला. हेच माझ्यासाठी निर्णायक ठरलं. तुमच्याकडचे लोक वेगळे असतील तर तुम्हाला कदाचित इतकं वाटणार नाही.

मित्राचं गाव अंबाजोगाईपासून तासाभराच्या अंतरावर. तिथे वस्तीची गाडी येते. रात्री मारुतीच्या देवळासमोर मुक्काम, सकाळी सहाला परत. मित्र स्वतः पुण्यातच असतो, मी मुद्दाम त्याच्या आई-वडिलांना भेटायला गेलो होतो. दोन दिवस हुरडा खाल्ला, त्यांच्या विहिरीचं भांडण पहिल्यापासून ऐकलं, आणि मला कुठे न्यावं-आणावं असा प्रश्नच कुणाला पडला नाही, कारण न्यायला काही नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री मावशींनीच विषय काढला: "लेकरा, सहाची गाडी धर. ती गेली की मग बाराच्या आत काय नाय." पहाटे ड्रायव्हर हापशावर तोंड धुऊन आला, काचेवरचं दव त्यानं पेपरनं पुसलं आणि इंजिन सुरू करून ठेवलं. तो आवाज अख्ख्या गावाला ऐकू जातो. तशी मावशींनी तव्यावरची धपाटी फडक्यात गुंडाळली, शेंगदाण्याच्या चटणीची पुडी वर ठेवली आणि मला जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं. 'आणखी राहा' नाही, 'एवढ्यात काय घाई' नाही. घाई त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त. गाडी चुकू नये ही जबाबदारी सगळ्या घराची असते, आणि रुसवा कुणावर धरायचा तर वेळापत्रकावर.

आता एसटीची दुसरी बाजू लपवत नाही. गुडघे सात दिवस कुरकुरत होते. काही स्टँडवरच्या स्वच्छतागृहांबद्दल न बोललेलं बरं. बायको-मुलगी बरोबर असती तर एवढ्या एका कारणानं मी हा सल्ला देताना अडखळलो असतो. संगमनेरहून संभाजीनगरला जाताना मधे गाडी बदलावी लागली आणि त्यात दीड तास गेला. आणि लोक काय समजतात, हा एक भाग आहेच. चाळिशीतला माणूस पाठीवर सॅक लावून संगमनेरच्या स्टँडवर उतरला, तेव्हा घ्यायला आलेले काका आधी काही बोलले नाहीत. घरी पोचल्यावर हळूच विचारलं, "गाडी विकलीस का रे?" मग रात्री जेवताना काकूनं, पैसे वगैरे लागले तर सांग, असं सुचवलं. नव्या नोकरीचं ऑफर लेटर मी त्यांना मोबाईलवर दाखवलं तेव्हा वातावरण निवळलं, आणि १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून आमच्या नगरलाच कशी आली, ते काकांनी मला आयुष्यात तिसऱ्यांदा सांगितलं. नोकरी खरोखरच गेली असेल आणि ते घरोघर सांगायचं नसेल, तर हा मुद्दा लक्षात घ्या. गाडी दारात उभी असली की असले प्रश्न येत नाहीत.

'आवडेल तेथे प्रवास' पासबद्दल बरेच जण विचारतात. १९८८ पासूनची योजना आहे, चार किंवा सात दिवसांचा पास, साध्या गाड्यांचा वेगळा आणि शिवशाहीचा वेगळा. मी सात दिवसांचा साधा काढला. पण दिवस सलग मोजले जातात, ही त्यातली मेख. मी प्रत्येकाकडे एक-दोन रात्री राहत होतो, त्यामुळे सातांतले चारच दिवस गाडीत बसलो आणि बाकीचे तीन दिवस पास पाकिटात झोपून राहिला. सुटी तिकिटं काढली असती तर फार फरक पडला नसता, असा माझा अंदाज आहे; हिशेब लिहून ठेवलेला नाही. रोज नवं गाव गाठणाऱ्याला, देवदर्शनाला निघालेल्याला तो उत्तम. पाहुणा म्हणून फिरणाऱ्याला तितका नाही. बायको बरोबर असेल तर तिला मार्च २०२३ पासून तसंही अर्धंच तिकीट आहे, आणि आई पंचाहत्तरीच्या पुढची असेल तर तिला राज्यात कुठेही मोफत. अशा कुटुंबानं पासच्या खिडकीकडे जायचं कारण मला दिसत नाही. एक कबुली द्यायला हवी: सोलापूरहून पुण्याला मी पास खिशात असूनही हुतात्मा एक्स्प्रेसनं आलो. पाठीनं तसा ठरावच केला होता.

तेव्हा लहान मुलं बरोबर असतील, आजारी माणसाला बघायला जायचं असेल, किंवा गाव असं असेल की तिथे दिवसातून एकच गाडी जाते आणि तीही आली तर आली, तर बिनदिक्कत स्वतःची गाडी काढा. फक्त ती यजमानांच्या अंगणात लावू नका. कोपऱ्यावर, दिसणार नाही अशी लावा. पण एकटे असाल, घाई नसेल, आणि प्रत्येक घरी माणसांशीच बोलायचं असेल, तर मी तुमच्या जागी सॅक भरून स्टँडवर गेलो असतो. गावांची साखळीही आधीच पूर्ण आखू नका. पुढच्या गावची गाडी किती वाजता, हे त्या-त्या घरी विचारायचं. त्या एका प्रश्नावर जुने लोक जे खुलतात ते बघण्यासारखं असतं. कुठली गाडी कुठल्या फाट्यावर किती मिनिटं थांबते इथपासून सुरुवात होते आणि चुलत आजोबांच्या लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत जाते.

नव्या नोकरीला आता तीन महिने झालेत. मे महिन्यात चार दिवसांची रजा जोडून कोल्हापूरला जायचं चाललंय. परवा आत्याचा फोन आला. काकांचा दुसरा डोळा दाखवायचाय, शेजारच्या काकूंना पन्हाळा बघायचाय, आणि मामाला काकवी पोचलीच नाही असं तिला कुठून तरी कळलंय, तर या खेपेला दोन कॅन भरून ठेवते म्हणाली. "गाडी घेऊनच येणार न्हवं?"

मी म्हटलं, गॅरेजला टाकलीय.