आयर्न लंग आणि व्हेंटिलेटर, फरक दाबाचा
आपण श्वास घेतो तेव्हा हवा आत ढकलत नाही, डायफ्रॅम (फुफ्फुसांखालचा पडद्यासारखा स्नायू) खाली जातो, छाती फुगते, आतला दाब जरासा कमी होतो आणि हवा आपोआप आत येते. १९२८ सालचं आयर्न लंग हेच करायचं, डोकं बाहेर, बाकी पेशंट लोखंडी डब्यात आणि पंपाने डब्यातला दाब कमी-जास्त. व्हेंटिलेटरचं उलटं, तो नळीतून हवा आत भरतो, दाब जास्त झाला तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. तरी मला व्हेंटिलेटरच बरा वाटतो, डब्यातल्या पेशंटला साधं पुसायचं म्हटलं तरी केवढी कसरत! १९५२ ला कोपनहेगनमधे पोलिओच्या साथीत मेडिकलच्या पोरापोरींनी पाळ्या लावून रात्रंदिवस नळीला जोडलेली हवेची बॅग हाताने दाबून, म्हणजे व्हेंटिलेटरचंच काम करून, कितीतरी जीव वाचवले, अजून अंगावर काटा येतो.