मोडल व्हर्ब्जचा सराव, प्रवासाच्या वाक्यांतून: सात महिन्यांनंतर

इंग्रजीतल्या मोडल व्हर्ब्जचा, म्हणजे 'मस्ट', 'कुड' अशा गरज, मनाई, शक्यता सांगणाऱ्या सहायक क्रियापदांचा, हा सराव-संच मी सात महिने रोज पंधरा-वीस मिनिटं वापरतोय. सगळी वाक्यं शहरातल्या प्रवासातली: तिकीट, फलाट, गाडी बदलणं, रस्ता विचारणं. एकाच विषयाचा कंटाळा येईल असं वाटलं होतं. पण शिकलेलं डोक्यात राहिलं ते त्या एका विषयामुळेच.

माझं घोडं अडायचं 'मस्ट नॉट' आणि 'डोन्ट हॅव टू'पाशी. 'मस्ट' काय नि 'हॅव टू' काय, दोन्हींचा अर्थ मी 'पाहिजे' असा लावायचो, त्यामुळे नकारातही दोन्ही सारखीच वाटायची. संचात ती एकाखाली एक आली: 'यू डोन्ट हॅव टू गेट ऑफ हिअर', 'यू मस्ट नॉट गेट ऑफ हिअर'. पहिल्यात उतरायची गरज नाही, उतरलात तरी बिघडत नाही. दुसऱ्यात उतरायचंच नाही. गाडीच्या दारात उभं राहून हे ऐकतोय अशी कल्पना केली आणि फरक पक्का बसला. 'उतरावं लागत नाही' आणि 'उतरू नये' यांत मराठीत आपली कधी गल्लत होते का? तेव्हापासून प्रत्येक वाक्य मी आधी मराठीत मोठ्याने म्हणतो, मग रिकामी जागा भरतो.

'कुड'नेही बराच काळ छळलं. धावत जाऊन शेवटची बस पकडली, तर मी 'आय कुड कॅच' लिहायचो. एकदाच जमलेल्या गोष्टीला 'वॉज एबल टू' लागतं; नकारात मात्र 'कुडन्ट' बिनधास्त चालतं.

तक्रारी आहेत. 'गाडीत बसण्याआधी तिकीट काढायला हवं' या वाक्यात 'मस्ट' आणि 'हॅव टू' दोन्ही बसतात, पण संच एकच उत्तर बरोबर धरतो. पहिला महिनाभर मी स्वतःलाच चुकीचा समजत होतो. नवशिक्याचं यात नुकसान होतं, हे सुधारायलाच हवं. शिवाय 'शी मस्ट हॅव मिस्ड द ट्रेन', म्हणजे 'तिची गाडी चुकली असणार', अशी अंदाजाची वाक्यं अगदी शेवटी येतात. वाट बघताना आपण किती वेळा असं बोलतो! ती निम्म्यातच यायला हवी होती.

बोलण्याचा सराव यात नाही. त्यासाठी मी भरलेल्या प्रत्येक वाक्याचा प्रश्न करून म्हणतो: 'डू आय हॅव टू चेंज हिअर?' आता दुसऱ्यांदा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली आहे, यावेळी पर्याय झाकून.