अलाइनरचं शाळेसाठीचं सामान: दप्तरात काय द्यावं, घरी काय ठेवावं

पारदर्शक अलाइनर म्हणजे दात सरळ करण्यासाठी दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे, म्हणजेच ट्रे; ते क्रमाने एकामागून एक बदलायचे असतात. ट्रे रोज २० ते २२ तास दातांवर राहिला तरच दात ठरल्याप्रमाणे सरकतात. शाळकरी मुलाच्या दिवसात हे बसवायचं तर मिनिटांचाच हिशेब मांडावा लागतो. २४ तासांतून २२ गेले की उरतात १२० मिनिटं. सकाळचा नाश्ता २०, शाळेतली छोटी सुट्टी १५, मोठी सुट्टी ३०, संध्याकाळचं खाणं १५ आणि रात्रीचं जेवण ३०, अशी ११० मिनिटं तिथेच संपतात. दोन वेळा दात घासले की शिल्लक शून्य. जेवणानंतर अलाइनर डबीतच राहिला आणि पुढचे तीन तास वर्गात तसेच गेले, तर तो दिवस फुकट जातो. असे दिवस साचले की पुढचा ट्रे दातांवर नीट बसत नाही, दाताचं टोक आणि ट्रे यांत फट दिसू लागते. म्हणून हे परीक्षण मुख्यतः अलाइनरसोबत विकल्या जाणाऱ्या सामानाचं आहे. शाळेत उपचार टिकतो की बिघडतो, ते याच सामानावर ठरतं.

आधी अलाइनरविषयी थोडं. इन्व्हिजलाइन या अलाइनरच्या ब्रँडचा किशोरवयीन मुलांसाठीचा प्रकार २००८ साली आला, आणि दुधाचे व पक्के दात एकत्र असलेल्या लहान मुलांसाठीचा ‘फर्स्ट’ २०१८ साली. किशोरांच्या ट्रेवर दाढेजवळ निळा ठिपका असतो. ट्रे तोंडात राहील तसा तो फिका होत जातो, त्यामुळे ‘घालतोस की नाही’ हा घरातला रोजचा वाद बराच कमी होतो. सोय चांगली आहे, पण ठिपका अंदाज देतो, पुरावा नव्हे. ट्रे साफ करायच्या गोळीच्या पाण्यात बुडवून ठेवला तरी ठिपका उडतो, आणि दर आठवड्याला ट्रे बदलत असाल तर नियमित घालूनही तो पुरता फिका झालेला नसेल. उपचार ठरवताना डॉक्टरांना एवढं विचारून घ्या: ठिपका आपल्या पॅकेजमध्ये आहे का, आणि हरवलेल्या ट्रेच्या बदल्यात किती ट्रे मिळतात? मुलांच्या बाबतीत दुसरा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा.

आता डबी. सगळ्या सामानात सगळ्यात कामाची वस्तू हीच. अलाइनर हरवतात ते बहुतेक वेळा एकाच पद्धतीने: मूल ट्रे काढून टिश्यूत किंवा रुमालात गुंडाळतं, शेजारी ठेवतं आणि जेवण झाल्यावर तो बोळा डब्यातल्या उष्ट्यासोबत कचऱ्यात जातो. पारदर्शक वस्तू पांढऱ्या कागदात दिसत नाही. शर्टाच्या खिशात ठेवलेला ट्रे धावताना चेपतो किंवा पडतो. यावर नियम एकच: ट्रे तोंडात, नाहीतर डबीत. तिसरी जागाच नाही.

डबी घेताना कडक प्लास्टिकची, बिजागरीची आणि बंद होताना ‘टक्’ असा स्पष्ट आवाज करणारी घ्या. चुंबकाच्या झाकणाच्या पातळ डब्या दिसायला छान असतात, पण पुस्तकांच्या दाबाखाली उघडतात. मऊ सिलिकॉनची पाकिटं वाकतात आणि आतला ट्रेही वाकतो, म्हणून शाळेसाठी ती नकोतच. आत वरचा व खालचा ट्रे एकावर एक न दाबता बसायला हवा. झाकण जोर लावून बंद करावं लागत असेल तर डबी लहान आहे. हवा खेळायला बारीक भोकं हवीत, नाहीतर ओलसर ट्रेला दुपारपर्यंत वास येतो. आरसेवाली डबी टाळा, आरशाच्या कडेत पाणी आणि मळ साचतो. रंग भडक घ्या: नारिंगी, पोपटी, लाल. झाकणावर न पुसणाऱ्या मार्करने मुलाचं नाव, इयत्ता-तुकडी आणि घरचा फोन लिहा. आणि डबी दप्तराच्या तळाशी न टाकता डब्याच्या पिशवीत ठेवा. जिथे डबा उघडतो तिथेच ट्रे निघतो. डबी वर्गात आणि मूल मैदानात असेल, तर टिश्यू आलाच.

ट्रे काढायचा हुक ही दुसरी वस्तू. छोटा प्लास्टिकचा, एका टोकाला वाकडा. ज्यांच्या दातांवर बरेच अटॅचमेंट, म्हणजे दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवले आहेत, त्यांचा ट्रे घट्ट बसतो आणि तिथे हुक खरोखर उपयोगी पडतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या बोटांत तेवढा जोर नसतो, त्यांना तर द्यावाच. मात्र हुक डबीत मावेल इतकाच लांब घ्या; सुटा दिलेला हुक कंपासपेटीत जातो आणि पेन्सिलींच्या भुकटीसकट तोंडात येतो. मोठ्या मुलांना बोटंच पुरतात, पण रीत शिकवावी लागते. हात धुवायचे. शेवटच्या दाढेच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूला बोटाचं टोक घालून वरचा ट्रे खाली ओढायचा. खालचा असेल तर वर. एक बाजू सैल झाली की लगेच दुसरी बाजू, आणि पुढचे दात सगळ्यात शेवटी. पुढून किंवा एकाच बाजूने ओढून काढला की ट्रे दाढांच्या आसपास तडकतो. घालताना उलटा क्रम: आधी पुढचे दात, मग दोन्हीकडच्या दाढांवर बोटाने दाब. दातांनी चावून बसवायची सवय मुलांना फार लवकर लागते. त्याने ट्रेही तडकतो आणि अटॅचमेंटही निघतात. हा सराव घरी आरशाशिवाय करून घ्या, कारण शाळेच्या बेसिनवर आरसा असेलच असं नाही.

च्युई म्हणजे मऊ, लवचीक रबरासारखी नळकांडी. ट्रे आणि दात यांतली फट घालवायला ती उत्तम. नव्या ट्रेच्या पहिल्या दिवसांत सकाळी आणि रात्री पाचेक मिनिटं, एकेका दातावर थांबून दाबत चावायची. शाळेत मात्र देऊ नका. सुटी च्युई बाकावर पडते, उचलून परत तोंडात जाते, आणि लांबून ती च्युइंगमसारखी दिसते म्हणून बाई रागावतात ते वेगळंच. नवा ट्रे शनिवारी रात्री सुरू केला तर जास्त दुखण्याचा काळ झोपेत आणि रविवारी जातो, सोमवारी वर्गात मूल निवांत असतं. पहिले काही दिवस स, श, च, ज थोडे घसरतात. घरी मोठ्याने वाचन केलं की जीभ लवकर सरावते. तोंडी परीक्षेच्या आठवड्यात उपचार सुरू करू नये, एवढं पथ्य पाळा.

घडीचा ब्रश आणि छोटी पेस्ट हे किटमध्ये हमखास येतं. याबाबत आमचं मत स्पष्ट आहे: शाळेत ब्रश सक्तीचा करू नका. अर्ध्या तासाच्या सुट्टीत हात धुणं, ट्रे काढणं, जेवणं, बेसिनवरची रांग आणि परत ब्रश हे जमत नाही, आणि ब्रश झाला नाही म्हणून मूल ट्रेच घालत नाही. त्यापेक्षा वॉटरबॅगमधल्या पाण्याने तीनदा जोरात चूळ भरायची, ट्रे त्याच पाण्याने विसळायचा आणि लगेच घालायचा. नीट ब्रश घरी आल्या आल्या. छोट्या सुट्टीत शक्यतो फक्त पाणी. खाणं मोठ्या सुट्टीत एकदाच. शाळेत दोन्ही सुट्ट्यांत खावंच लागत असेल तर संध्याकाळचं खाणं आणि रात्रीचं जेवण यांतली मिनिटं कापा.

ट्रे दातांवर असताना साधं, गार पाणीच चालतं. सरबत, फ्रूटी, कोल्ड्रिंक ट्रेखाली अडकतं, तिथे लाळ पोचत नाही आणि साखर व आम्ल दाताला धरून बसतं. मग दातांवर पांढरे डाग आणि पुढे कीड. डब्यातल्या भाजीची हळद ट्रे पिवळा करते. ट्रे आठवड्या-दोन आठवड्यांत बदलतो, त्याची चिंता नाही, पण अटॅचमेंट महिनोन्‌महिने तेच असतात, म्हणून चूळ महत्त्वाची. चिक्की, ऊस, कडक पेरू यांनी अटॅचमेंट उखडतात. कबड्डी किंवा हॉकी खेळताना अलाइनर तोंडाचं रक्षण करत नाही. तिथे माउथगार्ड कोणता वापरायचा ते डॉक्टरांना विचारा.

साफसफाईच्या गोळ्या घरचीच वस्तू आहे, आणि रोजची गरजही नाही. मऊ ब्रश, बिनरंगी-बिनवासाचा साबण आणि गार पाणी पुरेसं. टूथपेस्टमधल्या खरखरीत कणांनी ट्रेवर ओरखडे पडतात आणि तो धुरकट दिसतो. गरम पाण्याने ट्रेचा आकार बिघडतो. उन्हात तापलेल्या गाडीत राहिला तरी तेच. डबीही रोज धुवून उघडी वाळवा.

मागचा ट्रे कधीच टाकू नका. जुन्या डबीत, ट्रेवरचा क्रमांक डबीवर लिहून, घरी जपून ठेवा. शाळेत ट्रे हरवला किंवा तुटला तर घरी आल्या आल्या मागचा ट्रे घाला आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सध्याचा ट्रे बदलायला किती दिवस उरले होते ते सांगा. त्यावरून मागच्यावरच थांबायचं, पुढचा सुरू करायचा की नवा बनवून घ्यायचा हे डॉक्टर ठरवतील.