टाकीच्या आतला गंज आणि साडेचारशे रुपयांचे झाकण: घरी उभ्या केलेल्या सीडी १०० चा चौदा महिन्यांचा अनुभव

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी, म्हणजे २६ ऑगस्ट २०२५ रोजी, गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारातून माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, सामान घेऊन येताना माझी हीरो होंडा सीडी १०० मोटारसायकल घरापासून दोन किलोमीटर अलीकडे बंद पडली. हँडलला एका बाजूला नारळांची पेंड, दुसऱ्या बाजूला सुपारीचे शिपटे, मागच्या सीटवर दोरीने बांधलेली चिबडे आणि वरून न थांबणारा पाऊस, अशा अवस्थेत मी किक मारत होतो. प्रत्येक किकला इंजिन चार-पाच सेकंद चालायचे, घुसमटायचे आणि बंद पडायचे. प्लग काढून पाहिला तर ठिणगी उत्तम होती. शेवटी गाडी ढकलत घरी आणली आणि माटोळी बांधायला तासभर उशीर झाला, ज्याची आठवण मला घरात अजूनही करून दिली जाते.

या गाडीचे इंजिन, रंग आणि वायरिंग यांवर मी चार महिने मेहनत घेतली होती, परंतु चौदा महिन्यांच्या वापरानंतर लिहायला बसलो असता सांगण्यासारखे जे काही आहे ते जवळजवळ सगळे पेट्रोलच्या टाकीबद्दलच आहे. ज्यांना केवळ इंजिनाची कथा हवी असेल त्यांची निराशा होईल.

गाडी वडिलांची. फेब्रुवारी १९९५ मधली. सीडी १०० बाजारात आली १९८५ मध्ये, ९७.२ सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन घेऊन, आणि ‘भरा, बंद करा, विसरून जा’ अशा अर्थाची तिची इंग्रजी जाहिरात त्या पिढीला आजही पाठ आहे. बाबांनी ती खाणीवरच्या नोकरीसाठी घेतली, लाल धुळीत पंचवीस वर्षे चालवली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरणही करून घेतले. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली, गाडी लाकडांच्या खोपीत गेली आणि आम्ही जाहिरातीतल्या तिसऱ्या सूचनेचे तंतोतंत पालन केले. अर्धी टाकी पेट्रोल तसेच होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी झाकण उघडले तेव्हा आतून पेट्रोलचा नव्हे, तर जुन्या वार्निशसारखा आंबट वास आला, आणि टॉर्च मारल्यावर टाकीचा तळ आमच्या अंगणातल्या तांबड्या चिऱ्याच्या रंगाचा दिसला.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. रिंगा, व्हॉल्व्ह सील, क्लच प्लेट, टायमिंग चेन आणि सगळी गॅस्केटे बदलली. सिलिंडरचे बोअरिंग तेवढे लेथवाल्याकडून करून घेतले, बाकीचे सर्व काम घराच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, झाले. या गाडीचे सुटे भाग अजूनही मिळतात आणि स्वस्त मिळतात, हे तिचे सर्वांत मोठे भाग्य आहे. आरएक्स १०० किंवा येझदी या जुन्या मोटारसायकली घेऊन बसलेले माझे दोन मित्र एकेका भागासाठी जी किंमत मोजतात, तिच्यात माझे अर्धे इंजिन उभे राहिले. टायर, बॅटरी, वायरिंग, रंग आणि सीट धरून एकूण खर्च साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहन कार्यालयात गाडी दाखवून नूतनीकरण केले, तेव्हा शुल्क एक हजार रुपये होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील दुचाकींसाठी ते दोन हजार झाले. हजार रुपये वाचल्याचे समाधान मला पुढे तीन महिने पुरले.

सजावटीच्या बाबतीत मी हात आखडताच ठेवला होता. नोंदणी पुस्तकात काळा रंग आहे म्हणून काळाच दिला, चौकटीला हात लावला नाही आणि सायलेन्सर मूळचाच ठेवला, कारण कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करणे कायद्याला मान्य नाही आणि चौकात पोलिसांना पटवून देत बसण्याची मला हौस नाही. सपाट शिवलेली तपकिरी सीट चांगली झाली. हेडलाइटला एलईडी बल्ब लावला तो मात्र चुकला. या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर चालतो, त्यामुळे मंद गतीत एलईडी फडफडतो. साधा बल्ब परत बसवला. याशिवाय एकच चैन केली. टाकीचे जुने, किल्लीचे, कडा झिजलेले झाकण काढून त्याजागी साडेचारशे रुपयांचे चकचकीत, खटका दाबून उघडणारे झाकण बसवले. शर्यतीच्या जुन्या गाड्यांवर असते तसे ते दिसते. फार देखणे दिसते.

आता टाकी. पहिल्या प्रयत्नात मी मूठभर नट-बोल्ट आणि खडी आत टाकून ती अर्धा तास हलवली, पाण्याने धुतली आणि झाले असे समजलो. शेजारच्या काकूंनी बिंबलीचा, म्हणजे एका आंबट फळाचा, रस वापरायला सांगितले, कारण त्यांच्याकडे तांब्या-पितळेची भांडी त्यानेच उजळतात. सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, कारण बिंबलीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते आणि ते गंज खाते. ठेचलेल्या बिंबल्यांत रात्रभर भिजवलेले गंजके बोल्ट सकाळी करड्या, स्वच्छ रंगाचे निघाले आणि भांड्याच्या तळाशी पिवळसर साका बसला होता. परंतु दहा लिटरच्या टाकीला पुरेल इतका रस काढायचा तर झाड ओरबाडावे लागले असते. मी पांढरे व्हिनेगर घातले, दोन दिवस ठेवले, धुतले आणि गाडी रस्त्यावर आणली.

फेब्रुवारी ते मे या काळात कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, सहा वेळा उघडावा लागला. पेट्रोलच्या नळीत बसवलेली पारदर्शक गाळणी दर पंधरा दिवसांनी विटकरी रंगाची व्हायची, आणि फ्लोट बाउलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, तळाशी बोटाला लागणारी पीठासारखी भुकटी मिळायची. शेवटी टाकीला आतून लावायचा दोन डब्यांचा इपॉक्सी लेप मागवला. किंमत अठराशे पन्नास, कुरिअरचे एकशे वीस वेगळे. पावसाळ्यापूर्वी काम उरकावे म्हणून मेचा शेवटचा आठवडा ठरवला, आणि नेमका त्या वर्षी मोसमी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच गोव्यात येऊन धडकला. लेप ओतलेला होता, तो घट्ट करणारा हार्डनर मिसळलेला होता, थांबणे शक्य नव्हते. टाकी चारी बाजूंनी फिरवून लेप पसरवला, उरलेला ओतून काढला आणि ती चार दिवस स्वयंपाकघरात, आईच्या नाराजीसह, वाळत ठेवली. बाहेर सरी कोसळत होत्या आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटत होते.

जून आणि जुलै उत्तम गेले. गाळणी काचेसारखी स्वच्छ राहिली. त्या वेळी हा अनुभव लिहिला असता तर मी लेपाला पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळा झालो असतो, आणि प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने तो घ्यावा असा आग्रहही धरला असता.

चवथीची आरती आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, काढला तर त्याच्या जाळीला दुधावरच्या सायीसारखा करडा पापुद्रा चिकटलेला होता. टाकी उपडी केल्यावर तसे आणखी तुकडे आले, काही तळहाताएवढे, खालच्या बाजूने तांबूस आणि ओलसर. मी छायाचित्रे काढून विक्रेत्याला पाठवली. पाच दिवसांनी उत्तर आले की पृष्ठभागाची पूर्वतयारी योग्य नव्हती, सबब हमी लागू नाही. फोन केला तर समोरच्या गृहस्थांनी आधी इथेनॉलचे, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या अल्कोहोलचे, कारण सांगितले. खोक्यावर ‘सर्व प्रकारच्या पेट्रोलसाठी’ असे छापले आहे हे वाचून दाखवल्यावर ते पुन्हा पूर्वतयारीवर आले. तिसऱ्या फोननंतर त्यांनी फोन उचलणे बंद केले. त्या आठवड्यात मी या लेपाबद्दल जे लिहून ठेवले होते ते इथे देण्यासारखे नाही.

मत बदलले ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे मी माहितीपत्रक भिंग घेऊन पुन्हा वाचले, आणि घडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत, दमट हवेत लेप लावू नये असे छापलेले सापडले. इपॉक्सी दमट हवेत वाळला तर पृष्ठभागावर तेलकट थर येतो आणि पकड कच्ची राहते. म्हणजे विक्रेत्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मात्र ही सूचना खोक्यावर ठळक छापायला काय हरकत होती, हा माझा प्रश्न कायम आहे. दुसरी गोष्ट बाबांमुळे घडली. लेप फक्त टाकीच्या तळाशी सुटला होता, वरची बाजू आणि भिंती इतक्या घट्ट होत्या की स्क्रूड्रायव्हरने खरवडल्या तरी निघेनात. मी हे त्यांना दाखवत असताना त्यांनी टाकीकडे पाहिलेही नाही.

“अरे, माझे जुने झाकण कुठे ठेवलेस?” त्यांनी विचारले. “पंचवीस पावसाळे गाडी उघड्यावर उभी केली, कधी थेंबभर पाणी आत गेले नाही.”

नवे झाकण मी नळाखाली धरले. टाकीत हवा जावी म्हणून झाकणाला एक बारीक छिद्र असावेच लागते, नाहीतर आत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल उतरणे थांबते. जुन्या झाकणात ती वाट आडवळणाने, दोन पत्र्यांच्या मधून जाते. या देखण्या झाकणात छिद्र थेट वरच्या खोलगट भागाच्या मध्यभागी होते, जिथे पावसाचे पाणी साचते. त्यातून दर काही सेकंदांनी एक थेंब आत पडताना मी स्वतः पाहिला. माझी गाडी म्हापशाला कार्यालयाबाहेर रोज आठ तास उघड्यावर उभी असते. पावसाळ्यातल्या तेवढ्या तासांचे थेंब कोणीही मोजावेत.

आणि हे पाणी पूर्वीच्या पेट्रोलमध्ये जेवढे घातक ठरले असते त्याहून आता अधिक ठरते, कारण आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. काचेच्या बाटलीत शंभर मिलिलिटर पेट्रोल आणि दहा मिलिलिटर पाणी घालून, अंगणात, विस्तवापासून लांब, मी ते हलवून ठेवले. तळाशी दहा नव्हे, तर तीस मिलिलिटरच्या आसपास थर बसला, कारण ते वीस टक्के इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याच्या पंक्तीला जाऊन बसले होते. असा थर टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमका कॉकच्या तोंडाशी जमतो. इंजिन तो जाळू शकत नाही, आणि कच्च्या पकडीच्या लेपाखाली शिरायला तो पुरेसा असतो. शिवाय या टाकीचा तळ चौकटीच्या नळीच्या दोन्ही अंगांना खाली उतरतो. ज्या अंगाला कॉक नाही, तिथले पाणी टाकी उतरवल्याशिवाय बाहेर येतच नाही. सर्वांत जास्त गंज तिथेच होता.

दुरुस्ती डिसेंबरपर्यंत मुद्दाम लांबवली. तोवर जुने झाकण बसवून, मिळेल तेवढी साय काढून, गाळण्या बदलत गाडी चालवली. डिसेंबरात रंग काढण्याचे द्रावण घालून उरलेला लेप सोलला. हे काम इतके किळसवाणे आहे की पुन्हा करणार नाही, आणि त्याचा एक ओघळ टाकीच्या तोंडाजवळच्या नव्या रंगावर उतरून तिथे रुपयाएवढा चट्टा पडला तो पडलाच. नंतर धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकीत भरले, टाकीला बॅटरी चार्जरची ऋण तार आणि आत लोंबत्या, टाकीला कुठेही न टेकणाऱ्या साध्या लोखंडी सळीला धन तार जोडून दोन दिवस वीज सोडली. यासाठी स्टेनलेस स्टीलची सळी वापरू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. हायड्रोजन निघत असल्याने हे बंद खोलीतही करू नये. सळीवर शेणासारखा थर चढला आणि टाकीचा तळ पहिल्यांदाच पत्र्याच्या रंगाचा दिसला. टाकी धुऊन तीन दिवस उन्हात ठेवली, शेवटी केस वाळवण्याच्या यंत्राने अर्धा तास गरम हवा सोडली आणि लेपाचा नवा संच ओतला. संच त्याच कंपनीचा, कारण वरच्या भिंतींवर त्याने धरलेली पकड मी हाताने अनुभवली होती. विकत मात्र दुसरीकडून घेतला. त्याबरोबर झाकणाचा रबरी वायसर चाळीस रुपयांचा, आणि पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणाऱ्या रबराची.

डिसेंबर ते एप्रिल असे चार महिने झाले. गाळणी पारदर्शक आहे, कार्ब्युरेटर एकदाही उघडलेला नाही. रोजच्या चाळीस किलोमीटरांच्या धावेत गाडी लिटरला ५६ ते ५८ किलोमीटर देते. जाहिरातीतले ऐंशी माझ्या वाट्याला कधीच आले नाहीत, त्याची मला तक्रारही नाही. चोर्ला घाटातून बेळगावला दोनदा जाऊन आलो. चढावर तिसऱ्या गिअरच्या वर जाण्याचा आग्रह धरू नये, एवढेच.

लेपाची खरी परीक्षा येत्या पावसाळ्यातच आहे. त्यासाठी कॉकखाली धरायची एक काचेची बाटली मी सोप्यावर टांगून ठेवली आहे, आणि जूनपासून दर रविवारी पन्नास मिलिलिटर पेट्रोल काढून तळाशी वेगळा थर दिसतो का ते पाहणार आहे. चकचकीत झाकण कपाटात पडून आहे. विकायला काढावे म्हणून दोनदा छायाचित्र काढले, पण त्याचे छिद्र कुठे आहे हे घेणाऱ्याला सांगावे लागेल, आणि सांगितल्यावर साडेचारशे कोण देईल?