जपानी एजंटाचं गोदाम : आठ महिने वापरल्यावर

जपानमधली बरीचशी दुकानं देशाबाहेर माल पाठवत नाहीत, म्हणून एजंट लागतो. तो आपल्या वतीने वस्तू घेतो, स्वतःच्या गोदामात ठेवतो आणि आपण सांगू तेव्हा सगळं एका खोक्यात भरून रवाना करतो. नवी फाउंटन पेनं, शाईच्या दौती, कागद आणि अधूनमधून प्लॅस्टिकची मॉडेल किटं असा माल आठ महिने अशा एका एजंटामार्फत भारतात मागवल्यानंतरचा हा हिशेब. एजंट निवडताना लोक सेवाशुल्क बघतात. पैसे जातात ते मात्र गोदामाच्या तारखा चुकल्या की.

मोफत साठवणूक बहुतेकांकडे ३० ते ४५ दिवस असते. या एजंटाकडे ४५. ही मुदत प्रत्येक वस्तूची वेगळी मोजली जाते आणि ती ऑर्डरच्या दिवशी नाही, गोदामात नोंद झाल्याच्या दिवशी सुरू होते. समजा पहिली दौत १ ऑक्टोबर २०२६ ला पोचली. तो दिवस धरून ४५वा दिवस येतो १४ नोव्हेंबरला, आणि त्या दिवशी आहे शनिवार. पॅकिंगला एक ते तीन कामाचे दिवस जातात, म्हणून माल रवाना करायची विनंती सोमवारी, ९ तारखेलाच टाकायला हवी. घड्याळ विनंती टाकल्यावर थांबतं, पॅकिंग झाल्यावर थांबतं की टपालाचे पैसे भरल्यावर, हे नियमांत आधी वाचून घ्यावं. वर्षअखेरीचे २९ डिसेंबर ते ३ जानेवारी, एप्रिल-मेचा गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन या जपानी सुट्ट्यांच्या काळात पॅकिंग थंडावतं, पण दिवस मोजणं चालूच राहतं.

उशिराचं रोजचं भाडं फार नसतं. खरा फटका बसतो तो त्या भाड्याला घाबरून अर्धवट पार्सल पाठवलं की. म्हणून खरेदीचा क्रम उलटा लावायचा. नोंदणी करून किंवा दुकानदाराने मागवून द्यायच्या वस्तूंना दोन ते चार आठवडे सहज लागतात. त्या आधी मागवायच्या. दुकानात तयार असलेला माल दोन-चार दिवसांत गोदामात येतो, तो शेवटी घ्यायचा. एकाच दुकानाच्या ऑर्डरीत एखादी वस्तू उशिराची असेल तर दुकानदार सगळंच अडवून धरतो, आणि इथे ते आपल्या पथ्यावर पडतं, कारण माल त्याच्याकडे असेपर्यंत आपली मुदत सुरू होत नाही. याउलट मोठ्या संकेतस्थळावर एका ऑर्डरीत तीन विक्रेते असले की तीन पार्सलं येतात आणि तिघांच्या तीन तारखा होतात. एक साधी शीट पुरते : वस्तू, पोचल्याची तारीख, शेवटची तारीख, वजन, खोक्याचं माप, द्रव की बॅटरी.

वजनाचा रकाना सगळ्यात कामाचा. जपान पोस्टच्या ईएमएसचे, म्हणजे परदेशी जाणाऱ्या जलद टपालाचे, टप्पे ५०० ग्रॅमपासून १ किलोपर्यंत १०० ग्रॅमचे, २ किलोपर्यंत २५० चे, ६ किलोपर्यंत ५०० चे आणि पुढे किलो-किलोचे असतात. माल १,८४० ग्रॅम, वर खोकं आणि भराव ३१० ग्रॅम, एकूण २,१५०. म्हणजे पैसे अडीच किलोचे. मग एकतर १५० ग्रॅम काढा, नाहीतर उरलेल्या ३५० ग्रॅममध्ये काहीतरी बसवा. ५२ जीएसएमच्या (चौरस मीटरला ५२ ग्रॅम) कागदाची ३६८ पानांची ए५ वही, म्हणजे दोन्ही बाजू धरून १८४ कागद, जेमतेम ३०० ग्रॅम भरते; पुठ्ठ्यासकटही चालून जाते. पेनाची भेटपेटी काढायला सांगितली तरी वजन उतरतं, फक्त वॉरंटी कार्ड ठेवायला सांगा. गोदामाच्या पानावर दिसणारं वजन मूळ वेष्टनासकट असतं आणि शेवटच्या खोक्याचं त्यात नसतं, हे नवख्यांना कळत नाही.

ईएमएस प्रत्यक्ष वजनावर चालतं. कुरियर कंपन्या लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५,००० हाही हिशेब करतात आणि जास्त येईल ते लावतात : ४० × ३० × २५ सेंटिमीटरचं खोकं आत कापूस असला तरी ६ किलो. मॉडेल किटांची खोकी निम्मी हवाच असतात, ती ईएमएसनेच आणावीत. कागदाला कुरियरचा भाव निदान विचारून तरी बघावा.

फोटोंचे पैसे वेगळे पडतात, पण पेनाच्या निबेचा जवळून एक फोटो मागवाच, आणि तो वस्तू पोचल्या-पोचल्या. जपानी कायद्यात टपालाने घेतलेल्या मालाला कूलिंग-ऑफ, म्हणजे खरेदीनंतर विनाकारण माघार घ्यायची मुदत, नाही. दुकानाने परतीची स्वतःची अट लिहिली नसेल तरच मिळाल्यापासून ८ दिवसांत, परतीचा खर्च सोसून, माल फिरवता येतो. ‘मिळाला’ म्हणजे गोदामात मिळाला. चाळीस दिवस ठेवून पुण्यात खोकं उघडल्यावर वाकडी निब दिसली तर ती आपलीच.

शाईच्या प्रत्येक दौतीला वेगळी झिपची पिशवी आणि बबल रॅप मागा. विमानात दाब उतरला की सैल झाकणातून शाई झिरपते. यादीत नुसतं ‘शाई’ नको, ‘पाण्यावर आधारित लेखनाची शाई’ असं लिहून घ्या. अल्कोहोलवाली मार्करची शाई ज्वलनशील धरली जाते, ती मागवूच नका. अशा एका बाटलीपायी अख्खं पार्सल गोदामात परत येऊ शकतं.

भारतात तुकडे करून मागवण्यात फायदा नाही. भेट म्हणून आलेल्या मालाला ५,००० रुपयांपर्यंत मिळणारी शुल्काची सवलत डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, शुल्क लहान पार्सलालाही लागतं आणि ते टपालखर्च धरून काढतात. ब्रिटनमधल्या मंडळींचं उलट : तिथे १३५ पौंडांपुढच्या पार्सलाला आयात शुल्काचा प्रश्न येतो, म्हणून सगळं एकत्र करण्याआधी बेरीज बघा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्काची सूट २९ ऑगस्ट २०२५ ला संपली. जुना, वापरलेला माल भारतात आणणं परकी व्यापार धोरणात निर्बंधित आहे. लिलावातलं स्वस्त पेन बघून मोह होतो, पण आवरावा.

एजंटाबद्दल : पॅकिंग उत्तम, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच. ‘भराव कमी’ हा पर्याय निवडला तरी खोकं मोठंच येतं. विनंतीत मापाची मर्यादा लिहिली तर ऐकतात. मुदत संपायच्या आठवण-ईमेलवर विसंबू नका, ती तीन दिवस आधी येते, आणि पॅकिंगलाही तीन दिवस लागू शकतात.