पोटाखालचं तेल: लांब ब्रीदर, डबा की परतीचा सेपरेटर?

पिट्स, डिकॅथलॉन, एक्स्ट्रा किंवा घरी बांधलेलं आरव्ही, विमान कुठलंही असो, एरोबॅटिक्स केलं की पोट तेलकट होतंच. प्रश्न एवढाच की हे तेल कुठे जाऊ द्यायचं. ब्रीदरची (इंजिनाच्या आतली हवा आणि वायू बाहेर सोडणारी) नळी थेट शेपटीपर्यंत न्यायची, फायरवॉलवर (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर) डबा बसवून त्यात तेल गोळा करायचं, की सेपरेटर (हवेतून तेल वेगळं करणारं साधन) लावून ते पुन्हा इंजिनात सोडायचं? आमचं मत आधीच सांगतो. दर आठवड्याला स्पर्धेचा सराव करत असाल तर लांब नळी घ्या. महिन्यातून एकदा-दोनदा लूप आणि रोल करत असाल तर डबा पुरतो. परतीचा सेपरेटर बहुतेकांना लागत नाही, आणि तो चुकीचा बसला तर त्रास वाढवतो.

पण आधी तेल बाहेर का पडतं ते पाहू. लायकॉमिंग कंपनीच्या एईआयओ या एरोबॅटिक मालिकेतल्या इंजिनांवर सहसा क्रिस्टेन उलट-तेल प्रणाली असते, म्हणजे विमान उलटं असतानाही पंपाला तेल देणारी. तिच्यात बॉल व्हॉल्व्ह (आतल्या जड गोळ्यांनी वाटा उघडणारा-मिटवणारा) आणि एक छोटी सेपरेटर टाकी असते. विमान सुलटं असताना पंप संपमधून (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातून) तेल ओढतो आणि क्रँककेसची (इंजिनाच्या मुख्य कवचातली) हवा वरच्या ब्रीदरमधून टाकीत जाते. विमान उलटं झालं की तेल क्रँककेसच्या छताला जमतं, गोळ्या जागा बदलतात, पंप ब्रीदरच्याच वाटेने तेल घेतो आणि हवा संपकडून बाहेर पडते. टाकीत साठलेलं तेल विमान सुलटं झालं की संपमध्ये उतरतं. प्रणालीचाच भाग असलेल्या या टाकीला हात लावायचा नाही. आपली निवड तिच्या पुढच्या, बाहेर जाणाऱ्या नळीबद्दल आहे.

ही व्यवस्था सरळ सुलटं आणि सरळ उलटं यांत चोख चालते. नाइफ-एजमध्ये (विमान कुशीवर, पंख उभे) आणि शून्य जीमध्ये (वजन जाणवत नाही तेव्हा) मात्र गोळ्या धड इकडे नसतात, धड तिकडे. तेल एका कुशीला साठतं, त्याचा फेस होतो आणि ब्लो-बाय वायू (पिस्टनच्या रिंगांमधून क्रँककेसमध्ये निसटणारे) तो फेस ओढत बाहेर नेतात. लांब नाइफ-एजनंतर पोटावर ताजा ओघळ दिसतो तो यामुळेच. पलटी मारताना तेलाचा दाब क्षणभर हलणं नेहमीचं आहे. तो दोन-तीन सेकंदांत परत आला नाही तर लगेच सुलटं व्हा आणि उतरल्यावर व्हॉल्व्ह उघडून गोळ्या चिकटतात का, बैठक झिजली आहे का ते बघा. काही आरव्हीत अर्धीच प्रणाली असते. तिच्यात विमान उलटं झालं की ब्रीदर बंद होतो, पण पंपाला तेल मिळत नाही. अशा विमानात पोट स्वच्छ राहिलं म्हणून उलटं उडत राहू नका.

पैसे खर्च करण्याआधी डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची काडी) बघा. लायकॉमिंगच्या 360 मालिकेच्या नेहमीच्या संपात 8 क्वार्ट तेल मावतं (1 क्वार्ट म्हणजे साधारण 0.95 लिटर). काठोकाठ भरलं तर वरचा एखादा क्वार्ट पहिल्या एक-दोन उड्डाणांतच पोटावर येतो आणि मग पातळी स्थिर होते. ही स्थिर पातळी प्रत्येक विमानाची वेगळी असते. दर उड्डाणाआधी डिपस्टिकचा आकडा लिहून ठेवला तर चार-पाच उड्डाणांत ती कळते. त्यापुढे तेवढंच भरा, पण एरोबॅटिक्ससाठी हँडबुकात दिलेल्या किमान पातळीच्या खाली जाऊ नका. पातळी कमी असेल तर उलट्या अवस्थेत पंप हवा ओढतो.

इंजिन मुळातच जास्त तेल खातंय का? त्यासाठी लायकॉमिंगचं सूत्र आहे: 0.006 × अश्वशक्ती × 4 ÷ 7.4. 200 अश्वशक्तीला उत्तर ताशी 0.65 क्वार्ट येतं, 180 ला 0.58. खप याच्या वर गेला तर रिंगा आणि सिलिंडर तपासा. कुठलीही नळी हा दोष झाकू शकत नाही. तेल विंडशील्डवर येत असेल तर ब्रीदरला दोष देऊ नका, प्रॉपेलर हब आणि क्रँकशाफ्टचं पुढचं सील बघा.

लांब नळी

नळी काऊलिंगमधून (इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणातून) पोटाच्या मध्यरेषेने मागे, टेलव्हीलपर्यंत नेतात. तेल शेपटीमागे हवेत जातं आणि पोट जवळजवळ कोरडं राहतं. नळीचा आतला व्यास इंजिनाच्या ब्रीदरपेक्षा कुठेही कमी नको. बहुतेक ठिकाणी तो पाऊण इंच असतो. ॲल्युमिनियमची नळी बाहेरून लावा आणि रबरी अस्तराच्या क्लॅम्पने दर फूट-दीड फुटाला पकडा. कापडी फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आतून नेलेली नळी एका जोडात गळली तर तेल कापडाच्या आत पसरतं आणि बाहेर डाग दिसेपर्यंत कळत नाही. नळी कुठेही झोळ खाता कामा नये, कारण झोळात पाणी आणि तेल साठतं. टेलव्हील विमान उभं असताना शेपटी खाली असते, म्हणून नळी आपोआप रिकामी होते. हँगरमध्ये शेपटीखाली ट्रे ठेवला की झालं. नाकचाकी विमानात हा फायदा मिळत नाही.

इथला खरा धोका बर्फाचा आहे. ज्वलनातून पाण्याची वाफ निघते. लांब, थंड नळीच्या टोकाला ती गोठली की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि पुढचं सील बाहेर फेकलं जातं. मग सगळं तेल जायला वेळ लागत नाही. म्हणून काऊलिंगच्या आत, उबदार जागी, नळीला एक चीर ठेवतात, म्हणजे टोक बंद झालं तरी इंजिनाला श्वास घेता येतो. पण एरोबॅटिक्समध्ये त्याच चिरेतून तेल शिंपडतं, तेव्हा ती एक्झॉस्टच्या पाइपापासून दूर आणि त्याच्याकडे पाठ करून असावी. सर्वाधिक चुका इथेच होतात: कोणी चीर ठेवतच नाही, कोणी ती नेमकी एक्झॉस्टसमोर ठेवतं.

नळीचं टोकही विचार करून कापा. मागे तोंड करून तिरकं कापलेलं टोक शोषण करतं, म्हणजे जास्त धुकं ओढून बाहेर काढतं. हवेच्या दिशेला काटकोनात कापलेलं टोक बरं.

डबा

डब्याचं काम सोपं दिसतं, पण साधा डबा उलट्या विमानात आपल्याच व्हेंटमधून (हवा बाहेर सोडायच्या वाटेतून) ओततो. उपाय असा: आत येणारी नळी आणि व्हेंटची नळी, दोन्हींची टोकं डब्याच्या बरोबर मध्यात आणून सोडायची. तेल निम्म्याच्या खाली असेल तोवर डबा उलटा करा, आडवा करा, कुठल्याही टोकाला तेल लागत नाही. 1 लिटरच्या डब्यात याचा अर्थ 500 मिलि. तळाला ड्रेन कॉक ठेवा आणि दर उड्डाणानंतर रिकामा करा. हे विसरणाऱ्याने डबा घेऊ नये. भरलेल्या डब्याचं वजनही कंसावर सहा जी (नेहमीच्या सहापट भार) झेलतं, तेव्हा चारही बोल्ट फायरवॉलमधून आरपार आणि मागे पट्टी लावून घ्या. डब्यातलं तेल पाणी आणि आम्ल घेऊन येतं, ते परत इंजिनात ओतायचं नाही.

परतीचा सेपरेटर

जाळीवर तेलाचे थेंब जमतात आणि परतीच्या नळीने इंजिनात जातात. तेल वाचतं, पण पाणीही परत जातं. छोट्या, थंड उड्डाणांत जाळीवर लोण्यासारखा पिवळट-पांढरा गाळ बसतो आणि वाट अरुंद होते. उलट्या विमानात परतीची नळीच तेल वर आणते, म्हणून तिथे चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच. इंजिन दर वेळी अर्धा-पाऊण तास नीट तापत असेल आणि जाळी दर तेलबदलाला धुणार असाल, तरच याचा विचार करा.

याक-52 वाल्यांना यातलं फारसं लागू नाही. तिथलं एम-14पी रेडियल इंजिन वेगळ्या टाकीवर चालतं आणि उभं असताना तेल खालच्या सिलिंडरांत झिरपतं. सुरू करण्याआधी प्रॉप हाताने फिरवून बघणं तिथे पहिलं काम. तो अडला तर जोर लावू नका, खालचे प्लग काढून तेल सोडा.

डिकॅथलॉन किंवा पिट्स एस-2बी सारख्या प्रमाणित विमानात यातल्या कुठल्याही बदलाला मंजूर कागद लागतो. मेकॅनिकशी बोलण्याआधी भाग विकत घेऊ नका. स्वतः बांधलेल्या विमानात मोकळीक जास्त आहे.

तिन्हींपैकी काहीही निवडलं तरी पोट पुसावं लागणारच. इंजिन गार होण्याआधी पुसा, ओलं तेल एका फडक्यात निघतं. कापडावर साबणाचं कोमट पाणी वापरा, थिनर किंवा एमईके (एक तीव्र सॉल्व्हंट) रंगासकट लेप सोडवतं. कॅनोपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक छताला) कुठलंही सॉल्व्हंट लावू नका. ब्रेकच्या अस्तरात मुरलेलं तेल निघत नाही, अस्तर बदला. आणि शेवटी शेपटीकडे जा: रडरच्या (शेपटीच्या उभ्या सुकाणूच्या) फटीवरची टेप तेलाने कडेपासून सुटू लागते. तिच्या कडेवरून नख फिरवा, उचलली गेली तर पुढच्या उड्डाणाआधी नवी लावा.